पेपर होईपर्यंत

"गप्प बसा सगळ्या," मी म्हणाले. "पोरीचा फोन हाय."

घरात पंधरा-वीस बाया होत्या. माझ्या सुनेला, सुनंदाला, दवाखान्यातून आणून अर्धा तास झाला होता. मधल्या खोलीत चटईवर निजवली होती. दवाखान्यातून आलेली पिशवी कोपऱ्यात पडली होती, तिच्यात टॉवेल, थर्मास आणि सुनंदाचा मोबाईल. तो वाजत होता. वर माझ्या नातीचा, अश्विनीचा फोटो. बायांनी पदराचे बोळे करून तोंडात धरले. वीस बाया रडता रडता अशा एकदम थांबतात, तेव्हा घरात पंख्याचा आवाज फार मोठा येतो. मी पंख्याचं बटण बंद केलं. सुनंदाचा भाऊ विलास राजगुरुनगरहून नुकताच पोचला होता. तो पिशवीकडं झेपावला, पण मी जवळ होते.

"आई?"

"आजी हाय मी. आई दुसऱ्या पाळीला गेली. फोन हितंच विसरली."

"आजपण गेली? बरं नव्हतं ना तिला?"

"बरी हाय आता. पेपर कसा गेला?"

"बरा गेला. शेवटचा प्रश्न घाईत लिहिला. आजी, आवाज का घुमतोय? कोण आलंय का घरात?"

"एवढ्या उन्हाचं कोण येतंय. लाईट गेलीय, पंखा बंद हाय, म्हणून वाटतंय तसं."

"जेवलीस का तू?"

"जेवले."

"आईला सांग, परवा शेवटचा. परवा संध्याकाळी घरी येते. आणि म्हणावं, फोन विसरत जाऊ नको."

"सांगते."

फोन बंद झाला. विलास माझ्यापुढं उभा होता. "मावशी, तुम्ही माणूस हाय का कोण हाय?" तो म्हणाला.

"माणूसच हाय," मी म्हणाले. "परवा पेपर हाय तिचा."

मग बाया पुन्हा रडायला लागल्या. चार वाजता नेली.

याला सात वर्षं झाली. एप्रिल संपत आला की आमच्या गावात, निघोज्यात, दोन वास येतात. एक कांद्याचा. आमच्याकडं आता कांदा थोडाच राहिला आहे, पण ज्यांची जमीन उरली आहे ते काढतात, चाळीत भरतात, आणि दुपारच्या उन्हात तो वास घराघरात शिरतो. दुसरा वास कंपनीच्या रंगाचा. मागच्या दारी जिथं आमचं वावर होतं तिथं आता पत्र्याची भिंत आहे. भिंतीपलीकडं काहीतरी रंगवतात आणि भाजतात. हे दोन वास एकत्र आले की मला कळतं, आता पोरांचे पेपर सुरू होणार. मला कॅलेंडर बघावं लागत नाही.

अश्विनी आता आकुर्डीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, तासिकेवर. रोज निघोज्याहून जाते-येते. या दिवसांत तिला परीक्षेच्या हॉलवर उभं राहावं लागतं. घरी येते तेव्हा पाय सुजलेले असतात. बादलीत पाय घालून बसते आणि मुलांनी काय काय लिहिलं ते सांगून हसते. मी तिच्या पायांकडं बघते. सुनंदाचे पाय असेच होते, टाचा रुंद आणि बोटं आखूड.

ती इंग्रजी घेऊन एम.ए. करणार म्हणाली तेव्हा गावात बरीच करमणूक झाली. माझी जाऊ म्हणाली, "इंग्रजी शिकून काय गोऱ्याशी लगीन लावायचंय का?" माझा मुलगा दत्ता, अश्विनीचा बाप, चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. तो म्हणाला, "आमचा मोठा साहेब कोरियाचा हाय. त्याला इंग्रजी येत न्हाई आन मला पण येत न्हाई. दोघांचं झकास चाललंय." सुनंदा पोरीला घेऊन विद्यापीठात गेली, रांगेत उभी राहिली, फॉर्म भरून आली. हॉस्टेलची खोली बघून आली. आल्यावर मला म्हणाली, "आत्याबाई, तिथं झाडं लई हायेत. आन कोण कुणाकडं बघत न्हाई."

सुनंदा रबराच्या कंपनीत होती. साच्यातून निघालेल्या वायसरला जास्तीची कड राहते, ती बारीक ब्लेडनं कापून टाकायची. दिवसभर तेच. डावा अंगठा आणि तर्जनी कायम काळी. लिंबानं घासलं तरी जायची नाही. अश्विनी शनिवारी घरी आली की सुनंदा भांडी घासत बसायची आणि पोरीला म्हणायची, वाच. पोरगी इंग्रजी मोठ्यानं वाचायची.

"हितं अडकलीस. परत वाच."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाई. ऐकू येतंय."

खरंच ती बरोबर धरायची. जिथं पोरीला अर्थ लागलेला नसायचा तिथंच आवाज अडकायचा, आणि सुनंदाचा हात भांड्यावर थांबायचा.

विद्यापीठात पोरीला लिहायलाही शिकवत होते. एकदा ती सांगत होती, सर म्हणतात आधी सगळं लिहून काढा, मग जे जास्तीचं आहे ते कापा. सुनंदा हसली. "म्हंजे कड कापायलाच शिकीवत्यात व्हय तुला? मग आमच्यात ये की. हॉस्टेलपण नगं."

मीही एके काळी लिहायचे. चौथी पास झाले होते, आणि तेव्हा वस्तीवर एवढं शिकलेली बाई मी एकटीच. ज्यांचे नवरे मुंबईला होते त्या बाया पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडं यायच्या. सांगायच्या त्या रडून, आणि मी लिहायचे, इकडील सर्व क्षेम. म्हैस मेली तरी क्षेम. एका बाईचं तान्हं पोर गेलं होतं, तरी मी लिहिलं, सर्व क्षेम, पुढच्या वेळी येताना दोन दिवस जास्त काढून या. ती म्हणाली होती, लिहा खरं. मी म्हणाले, लांब हाय तो, एकटा हाय, कळून काय करील. तिनं अंगठा उठवला. वाईट बातमीचं कार्ड आलंच तर ते वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. चार ओळींचं खोटं मला सहज जमायचं, अक्षरही चांगलं होतं. बाया माझं कौतुक करायच्या.

सुनंदाला कावीळ झाली ती पेपरांच्या आधी पंधरा दिवस. आधी आम्ही झाडपाल्याचं औषध दिलं, तीन मंगळवार. आमच्याकडं सगळे तेच करतात. ती कामावर जात राहिली. डोळे हळदीसारखे झाले तेव्हा अश्विनीला व्हिडिओवर दिसायला नको म्हणून तिनं सांगितलं, माझ्या फोनचा कॅमेरा बिघडला. पोरगी म्हणाली, आल्यावर बघते. आवाज का उतरलाय विचारलं तर नुसता ताप आहे म्हणायची. रोज संध्याकाळी नुसत्या आवाजावर बोलणं व्हायचं. बोलायच्या आधी सुनंदा दोन घोट पाणी प्यायची, घसा साफ करायची, उठून बसायची. झोपून बोललं की आवाज वेगळा येतो म्हणायची. फोन ठेवला की आडवी व्हायची. "पेपर होईपर्यंत तिला काय सांगू नका, आत्याबाई," असं तिनं मला दोनदा बजावलं. दत्तालाही सांगितलं. हे तिनं सांगितलं होतं, यात खोटं काही नाही.

नंतर पोट फुगलं आणि ती बरळायला लागली, तेव्हा तिला पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई तरुण होती. ती दत्तावर ओरडली, एवढे दिवस काय करत होता. दत्ता खाली मान घालून उभा राहिला. उत्तर मला द्यायला पाहिजे होतं, औषध मी आणत होते.

परवाच्या पेपराचा मी एवढा बाऊ का केला, हे लोकांनी मला पुष्कळदा विचारलं. सांगते. आमच्यात घरात मरण झालं की लग्नाजोगी मुलगी वर्षाच्या आत उजवायची, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आई गेली म्हटल्यावर तर कोणी ऐकूनच घेत नाही. पोरगी मधेच घरी आली, पेपर बुडाला, वर्ष गेलं, तर तिला परत कोण पाठवणार? दत्ता सरळ आहे, चार माणसांपुढं त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. जावेच्या माहेरचं एक स्थळ तर सुनंदा जिवंत होती तेव्हापासून टांगलेलं होतं. दहाव्यालाच बोलणं सुरू झालं, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी म्हणाले, पोरगी पास होणार हाय, पुढच्या वर्षाला जाणार हाय, बोलायचं न्हाई. पेपर झाले होते म्हणून तेवढं म्हणता आलं. असं मला तेव्हा वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्ता आणि भावकी राख सावडायला नदीवर गेली, त्याच वेळेला ती विद्यापीठात शेवटचा पेपर लिहीत होती. विलास तिला आणायला गेला. माझ्यावर थुंकला नाही एवढंच, पण गेला. वाटेत तो आईला बरं नाही एवढंच म्हणाला. ती घरात शिरली तेव्हा तिच्या हातात लिहायचं पॅड होतं, पारदर्शक. त्यात पेन आणि हॉलतिकीट. भिंतीशी दिवा होता. तिनं दिव्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"कधी?"

"परवा."

"परवा कधी?"

"सकाळी."

"परवा मी दोन वाजता फोन केला होता."

"व्हय."

"आई कुठं होती तेव्हा?"

मी हातानं मधली खोली दाखवली. ती तिथं गेली, जमिनीकडं बघत उभी राहिली. बायांना वाटलं आता हंबरडा फोडणार, दोघी-तिघी धरायला पुढं झाल्या. ती परत आली आणि साध्या आवाजात म्हणाली, "एक पेपर राहिला असता तर काय झालं असतं, आजी?"

"वर्ष गेलं असतं."

"कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा एका विषयात नापास झालेली पोर त्याच वर्गात बसायची. माझी बहीण बसली होती, आणि मग तिचं लग्न झालं.

"राहिलेला पेपर पुढच्या वेळी देता येतो," अश्विनी म्हणाली. "एटीकेटी म्हणतात. वर्ष जात नाही. पुढच्या वर्गात बसता येतं. हे शेजारच्या कुठल्याही पोराला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं त्यानं."

घरात तीसेक माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना हे ठाऊक असणार. मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी घाबरले. सुनंदा गेली तेव्हा घाबरले नव्हते तेवढी घाबरले. पोरगी माझ्याकडं बघतच होती. मी म्हणाले, "तुझ्या आईचीच इच्छा होती. शेवटपर्यंत तेच म्हणत होती, पेपर होईपर्यंत अशूला सांगू नका."

तिचा चेहरा हलला आणि ती खाली बसली. मग रडली.

त्या बोलण्यावर आम्ही सात वर्षं एका घरात जेवलो. सुरुवातीचे काही महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. पुढं हळूहळू बोलायला लागली. आईचीच इच्छा होती, मग आजीचा काय दोष, असं तिनं स्वतःला समजावलं असणार. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तिला स्वतःचं काहीतरी लिहून द्यायचं होतं. तिनं आईवर लिहिलं, इंग्रजीत. काळा अंगठा, ब्लेड, भांडी घासताना ऐकणं, सगळं. विद्यापीठाच्या अंकात ते छापून आलं. अंक घेऊन आली आणि ओट्यावर बसून मला वाचून दाखवलं, आधी इंग्रजी ओळ, मग तिचं मराठी. पहिली तीन पानं ऐकताना मला सुनंदा दिसत होती. पोरीला लिहिता येतं. मग ती ओळ आली. मराठीत ती अशी होती: माझी आई जाताना मला बोलावू शकली असती, तिनं बोलावलं नाही. त्याच्यापुढं आणखी एक पान होतं, आईच्या धीरावर. सरांनी त्या पानाचं फार कौतुक केलं, असं ती म्हणाली.

"कसं वाटलं, आजी?"

"चांगलं हाय."

"कुठं अडकलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. त्या वेळी सांगायला पाहिजे होतं.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात ती कॉलेजातून आली, पाय बादलीत घातले आणि म्हणाली, "आज एका मुलीच्या काकांचा फोन आला होता." मुलगी तिच्या वर्गातली, मराठवाड्यातली, इथं मावशीकडं राहते. तिच्या बापाला गावाकडं दवाखान्यात ठेवलं आहे, अवघड आहे. काका म्हणाला, मॅडम, तिचे दोन पेपर राहिलेत, तेवढं होऊ द्या, तुमच्या कानावर घालून ठेवतो, पोरगी तुमचं ऐकती, तिला काही कळलं तर सांभाळून घ्या.

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. ती आज भेटली पण मला. मॅडम, बाबांचा फोन लागत नाही म्हणाली. मी म्हणाले रेंज नसेल, तू अभ्यास कर." तिनं पाय पुसले. "आजी, माझ्या आईला हे जमलं तर मला जमायला नको?"

मी तांदूळ निवडत होते. ताट खाली ठेवलं.

"अशे, तुझ्या आईनं बोलावलं होतं तुला."

ती टॉवेल धरून तशीच राहिली. मी थांबले असते तर पुन्हा बोलले नसते, म्हणून सगळं सांगून टाकलं. त्या शेवटच्या सकाळी दवाखान्यात दत्ता खाली औषध आणायला गेला होता. सकाळचे सात वाजले असतील. सुनंदा शुद्धीवर आली, मला ओळखलं, आणि म्हणाली, "आत्याबाई, अशूला बोलवा. मला बघायचंय तिला." मी म्हणाले, पेपर हाय तिचा दहा वाजता. ती म्हणाली, "असू दे पेपर. बोलवा." तिचा फोन माझ्या हातात होता. नंबर कुठला दाबायचा ते मला येत होतं. मी नुसताच फोन कानाला लावला. तिच्यासमोर बोलले, "अशे, ये लवकर, आई बोलावतीया." मग तिला म्हणाले, "निघाली बघ. येतीया." तिनं मान हलवली. त्यानंतर ती वॉर्डाच्या दाराकडं बघत राहिली. पाणी दिलं तरी तोंड वळवेना. नऊच्या आसपास गेली. डोळे दाराकडंच होते, ते मी मिटवले.

अश्विनीनं एकच विचारलं. "सात ते नऊ?"

"व्हय."

"रिक्षानं तासात पोचले असते मी."

तिनं फोन घेतला, ओट्यावर गेली आणि त्या मुलीला लावला. मला आतून ऐकू येत होतं. "मी मॅडम बोलतीय. नीट ऐक. तुझे बाबा दवाखान्यात आहेत. आत्ता निघ. पेपर राहू दे, पेपर पुन्हा देता येतो. न्हाई, मी दुपारी खोटं बोलले. निघ तू." मग त्या काकाला लावला. तो खूप बोलला असावा, ती नुसतं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझी तक्रार करा प्राचार्यांकडं. पण पोरीला गाडी मिळाली का ते आधी बघा."

आत आली, भात लावला, आम्हाला तिघांना वाढलं. दत्ताला मीच सांगितलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि मागच्या दारी पत्र्याच्या भिंतीकडं तोंड करून बसला.

पाचव्या दिवशी एक वही आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

"लिही."

"मी काय लिहू? चौथी शिकलेली बाई."

"गावाची पत्रं लिहीत होतीस की. तशी लिहू नको फक्त. झालं तसं लिही. माझं छापलेलं खोटं ठरलं, ते मला पुसता येत नाही. तुझं तरी खरं येऊ दे."

"वाचशील का तू?"

"न्हाई माहीत," ती म्हणाली आणि बसला गेली.

महिनाभर लिहिते आहे. दुपारी बसते. बोटं आखडतात. अश्विनीला बोलावलं नाही, हे वाक्य मी तीन वेळा वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं आणि तिन्ही वेळा त्यात माझ्या बाजूचं काहीतरी शिरलं, म्हणून खोडलं. मी सुनंदाला फसवलं आणि अश्विनीला फसवलं. ते पोरीच्या भल्यासाठी होतं असं मला वाटत होतं, आणि वाटत होतं एवढ्यानं ते बरोबर होत नाही. माफी मागितलेली नाही. सुनंदाची मागता येत नाही, आणि नुसती अश्विनीची मागणं मला पटत नाही. तिनंही मला माफी माग असं म्हटलेलं नाही. ती माझं पाणी तापवते, गोळ्या काढून ठेवते, आणि पूर्वी शेजारी बसून जेवायची ती आता उंबऱ्यात बसून जेवते.

मराठवाड्यातली ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. तिचे दोन्ही पेपर बुडाले. बाप जगला, आता घरी आहे, काठी घेऊन चालतो. आमच्या घरात त्या उन्हाळ्यात चौघं होतो. सुनंदा गेली. दत्ता, अश्विनी आणि मी राहिलो.